जुना वॉटर सॉफ्टनर दुरुस्त करायचा की बदलायचा?

न्हाणीच्या फरशीवर पुन्हा पांढरे डाग धरू लागले, अंगाच्या साबणाला फेस येईना, सोलरचं पाणी बारीक धारेने पडू लागलं, की घरात पहिलं वाक्य निघतं, ‘सॉफ्टनर गेला.’ नळवाल्याला बोलावलं तर तोही बहुतेक वेळा नवाच घ्या म्हणतो, कारण जुन्यातला बिघाड शोधण्यापेक्षा नवा बसवणं सोपं असतं. पण पाण्याचा जडपणा काढणारा हा सॉफ्टनर एकदम सगळा जात नाही. त्यात पाच वेगळ्या गोष्टी असतात: फायबरची उभी टाकी, तिच्यातलं रेझिन (जडपणा धरून ठेवणारे बारीक दाणे), डोक्यावरचा व्हॉल्व्ह, मिठाची टाकी आणि बाहेरची जोडणी. सावलीत ठेवलेली टाकी पंधरा वर्षं सहज जाते. स्वच्छ पाण्यात रेझिन आठ-दहा वर्षं टिकतं. व्हॉल्व्हचे रबरी सील त्याच्या बरेच आधी झिजतात, आणि बोअरला गाळ असेल तर त्यातला मिठाचं पाणी ओढणारा इंजेक्टर सहा महिन्यांतही तुंबतो. यातलं नेमकं काय गेलं ते कळल्याशिवाय ना दुरुस्तीला पैसे द्यावेत ना नव्याला.

आधी जडपणा मोजा, टीडीएस नाही

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. कोणीतरी खिशातला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर काढतो, सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजतो, आकडा तोच येतो आणि मशीन बंद पडल्याचं सांगतो. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तो धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो. विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण जवळजवळ तेवढंच राहतं, उलट किंचित वाढतं. म्हणून मोजायचा तो फक्त जडपणा, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण.

त्यासाठी थेंबांचं टेस्ट किट मिळतं. बाटलीत ठरावीक पाणी घ्यायचं, रंगाची पूड किंवा थेंब टाकायचे, पाणी लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजून टाकायचे, पाणी स्वच्छ निळं झालं की थांबायचं. एका थेंबाला किती मिलिग्रॅम ते किटवर लिहिलेलं असतं. किट नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, ग्रामपंचायतीच्या फील्ड टेस्ट किटचीही चौकशी करा. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

नमुने तीन घ्या. एक सॉफ्टनरच्या आधीचा, एक रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन धुवून पुन्हा ताजं करणं) झाल्यावर तासाभराने सॉफ्टनरच्या लगेच पुढच्या नळाचा, आणि एक पुढच्या रिजनरेशनच्या आदल्या दिवशीचा. दुसरा नमुना ३० मिलिग्रॅमच्या आत आणि तिसरा मात्र कच्च्या पाण्याएवढा आला, तर मशीन चालतं आहे, फक्त मध्येच दमतं आहे. दुसराही कच्च्याएवढाच आला तर रिजनरेशन होतच नाही किंवा पाणी बाजूने निघून जातं. दोन्ही नमुने चांगले आणि डाग मात्र पडतातच, तर दोष जुन्या पाइपातल्या थराचा असतो, किंवा स्लॅबवरच्या टाकीत थेट बोअरचं पाणी मिसळत असतं.

किट हाती घेण्याआधी बायपासचा, म्हणजे सॉफ्टनर टाळून थेट पाणी सोडणारा, कॉक पाहून घ्या. सणासुदीला जास्त पाणी लागलं म्हणून कोणीतरी तो अर्धा उघडतो आणि मग महिनोन्महिने तसाच राहतो.

सॉफ्टनर अजून लागतो का?

हा प्रश्न दुरुस्तीच्या आधीचा आहे. गावात बोअरऐवजी धरणाच्या पाण्याची नळयोजना आली असेल, तर नव्या पाण्याचा जडपणा मोजा. तो २०० च्या आत असेल तर जुन्या मशीनवर खर्च करू नका.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांच्या त्या भागात, आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिथल्या अनेक विहिरी-बोअरचं पाणी खारट असतं, पण त्या मानाने जड नसतं. खारटपणा सॉफ्टनरने जात नाही. रेझिन कितीही नवं टाका, चव तीच राहते. शिवाय क्षार फार असलेल्या पाण्यात सॉफ्टनरमधून थोडा जडपणा सुटतोच. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडचा त्रास असलेली गावं आहेत. फ्लोराइड आणि नायट्रेटही सॉफ्टनर काढत नाही. त्यासाठी घेतलेला सॉफ्टनर ‘काम करत नाही’ अशी तक्रार असेल, तर दुरुस्ती आणि बदल दोन्ही व्यर्थ. पिण्यापुरता आरओ लावणं हाच तिथे खरा उपाय.

मिठाची बाजू तपासा, निम्मे बिघाड इथेच सापडतात

मिठाच्या टाकीचं झाकण काढा. वर मिठाचा कडक थर आणि खाली पोकळी असेल तर मिठाचा पूल झाला आहे. वरून मीठ भरलेलं दिसतं, पण खालचं पाणी मिठाला लागतच नाही. लाकडी दांड्याने हळूहळू टोचून तो फोडा. लोखंडी गज वापरला तर टाकीच फुटेल. तळाशी मऊ चिखल साचला असेल तर टाकी रिकामी करून धुवा. जनावरांना घालतात ते स्वस्त खडेमीठ वापरलं की हा चिखल होतोच, त्यात माती आणि जिप्सम असतं. सॉफ्टनरसाठीच्या मिठाच्या वड्या नाही मिळाल्या तर निदान स्वच्छ, धुतलेलं खडेमीठ घ्या. बारीक मीठ टाळा, ते गोळा होऊन बसतं.

मिठाचं प्रमाण रेझिनच्या लिटरला १०० ते १५० ग्रॅम. म्हणजे २५ लिटर रेझिनला एका वेळी साधारण ३ किलो. एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ३६० ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं, म्हणून ३ किलोसाठी मिठाच्या टाकीतून दर वेळी साडेआठ लिटरच्या आसपास पाणी ओढलं गेलं पाहिजे. टाकीवर पेनाने खूण करा आणि रिजनरेशननंतर पातळी किती उतरली ते पाहा. उतरलीच नाही तर मिठाचं पाणी रेझिनपर्यंत पोचलंच नाही.

ओढ आहे की नाही हे पाहायला व्हॉल्व्ह मीठ ओढण्याच्या जागेवर आणा, मिठाची नळी टाकीतून बाहेर काढा आणि तोंडावर बोट धरा. बोट खेचलं गेलं पाहिजे. खेच नसेल तर पहिला संशय इंजेक्टरवर. त्याच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले की बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा भाग आणि जाळी निघते. कोमट पाण्यात लिंबूसत घालून अर्धा तास भिजवा, भोक खराट्याच्या काडीने मोकळं करा. सुई किंवा तार घालू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी ओढ कायमची बिघडते.

खेच नसण्याचं दुसरं कारण दाबाचं. ऑटोमॅटिक व्हॉल्व्हला मीठ ओढायला साधारण दीड ते दोन किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो. स्लॅबवरच्या टाकीपासून खाली तीन मीटर उंची असेल तर दाब मिळतो फक्त ०.३ किलोच्या आसपास. गावातल्या कितीतरी घरांत सॉफ्टनर या टाकीच्या खाली जोडलेला असतो आणि पहिल्या दिवसापासून त्याला मीठ नीट मिळालेलं नसतं. अशा मशीनचं रेझिन बदलून काही होत नाही, नवा घेतला तर तोही तसाच चालेल. सॉफ्टनर बोअरच्या मोटरीच्या आणि वरच्या टाकीच्या मध्ये घ्या, किंवा छोटा प्रेशर पंप लावा. मोटरीच्या लाइनवर घेताना तिचं पाणी रेझिनला झेपतं का पाहा: २५ लिटर रेझिनमधून तासाला ५०० ते १००० लिटरच जावेत. सबमर्सिबल त्याच्या कितीतरी पट फेकते, तेव्हा कॉक आवळून प्रवाह बेताचा ठेवावा लागतो.

मिठाचं पाणी नळाला येत असेल तर धुण्याचा वेळ कमी पडतो आहे, किंवा निचऱ्याची नळी कुठेतरी मुरडली आहे. मिठाची टाकी भरून सांडत असेल तर तिच्यातला फ्लोट आणि निचऱ्याची नळी पाहा. ही घरी अर्ध्या तासात होणारी कामं आहेत.

डोक्यावरचा व्हॉल्व्ह

हाताने फिरवायच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हला आत आऱ्यांच्या आकाराचं एक रबर असतं. नेहमीच्या जागेवर असताना निचऱ्याच्या नळीतून थेंब-थेंब पाणी चालू असेल तर ते रबर गेलं. सुटं मिळतं, बदलता येतं. ऑटोमॅटिक व्हॉल्व्हमध्ये पिस्टन आणि सीलची रांग असते. त्याचंही लक्षण तेच. सीलचा संच आणि पिस्टन मिळत असेल तर दुरुस्तीच करा.

विजेची गोष्ट आपल्याकडे वेगळी पाहावी लागते. घड्याळाच्या काट्यावर चालणारा जुना टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. रोज दोन-तीन तास वीज जात असेल तर पहाटे दोनला ठरवलेलं रिजनरेशन आठवड्याभरात संध्याकाळच्या पाण्याच्या वेळेवर येऊन बसतं, आणि त्या वेळी घरात थेट जड पाणी जातं. लोक याला रेझिन गेलं समजतात. आठवड्यातून एकदा वेळ लावत जा, किंवा बॅटरीवर वेळ राखणारं डोकं (व्हॉल्व्ह) घ्या. विजेच्या चढउताराने अडॅप्टर जळतो, तो मीटरने तपासूनच बदला. सर्किट बोर्ड बदलायची वेळ आली तर तो भाग मिळतो का हे आधी लेखी विचारा.

एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. घरगुती फायबरच्या टाक्यांचं तोंड बहुतेक अडीच इंची आट्यांचं असतं. म्हणून जुन्या व्हॉल्व्हचे भाग मिळत नसतील तरी टाकी आणि रेझिन ठेवून फक्त डोकं नवं, तेही दुसऱ्या कंपनीचं, बसू शकतं. आतल्या उभ्या पाइपाची जाडी आणि उंची जुळते का एवढं मोजून घ्या.

रेझिन खरंच संपलं का

मीठ व्यवस्थित ओढलं जातं, दाब आहे, व्हॉल्व्ह गळत नाही, तरीही पाणी लवकर जड होतं, तेव्हाच रेझिनकडे वळा. आणि अंदाजाने नाही, आकड्याने.

चांगलं रेझिन वर सांगितलेल्या मिठाच्या प्रमाणावर लिटरला ४५ ते ५० ग्रॅम जडपणा धरतं. २५ लिटरचे ४५ ने झाले ११२५ ग्रॅम. तुमच्या बोअरचा जडपणा ५०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, असेल तर एका रिजनरेशनमध्ये २२५० लिटर मऊ पाणी मिळायला हवं. रोज ६०० लिटर वापरणाऱ्या घराला ते पावणेचार दिवस पुरतं. आता प्रत्यक्ष मोजा. रिजनरेशन झाल्यावर किती लिटरनंतर जडपणा पुन्हा वर जातो? वरच्या टाकीची क्षमता ठाऊक असली की टाक्या मोजूनही हे जमतं. १८०० लिटर निघाले तर रेझिन ठीक. १००० च्या आसपासच आले तर ते निम्म्याहून खाली गेलं.

तरी लगेच नवं आणू नका. आधी किती रेझिन उरलंय ते पाहा. बॅकवॉशचा (खालून वर उलटं पाणी सोडून रेझिन धुण्याचा) जोर जास्त असेल तर वर्षानुवर्षं थोडं थोडं रेझिन निचऱ्यातून वाहून जातं. टाकीत ते साधारण दोन-तृतीयांशापर्यंत असायला हवं. फिक्या रंगाच्या टाकीला रात्री मागून टॉर्च लावला तर पातळी दिसते. पातळी खाली असेल आणि उरलेलं रेझिन चांगलं असेल तर कमी पडलेलं तेवढंच भरा.

मग मूठभर रेझिन काढून तळहातावर घ्या. चांगले दाणे मधासारख्या रंगाचे, गोल आणि कडक असतात. नखाने दाबल्यावर पिठासारखे दबले, किंवा दाणे फुगून मऊ झाले, तर ते क्लोरीनने खाल्ले. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त पडते तिथे हे होतं. असं रेझिन परत येत नाही, बदलावंच लागतं. आणि नवं टाकण्याआधी सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर कार्बनचा फिल्टर लावा, नाहीतर तेच पुन्हा होईल.

दाणे कडक पण विटकरी किंवा काळपट असतील तर लोह किंवा मँगनीज बसलं आहे. गडचिरोली, चंद्रपूरकडच्या बोअरचं पाणी काढताना स्वच्छ दिसतं आणि बादलीत रात्रभर ठेवलं की पिवळसर होतं, ते हेच लोह. हे रेझिन बरेचदा वाचतं. आधी ग्लासात मूठभर दाणे, कोमट पाणी आणि चमचाभर लिंबूसत घालून रात्रभर ठेवा. सकाळी रंग उतरला तर पूर्ण टाकीला करा. २५ लिटर रेझिनसाठी पाव किलो लिंबूसत ५ लिटर कोमट पाण्यात विरघळवून मिठाच्या विहिरीत (मिठाच्या टाकीतल्या उभ्या नळकांड्यात) ओता, ओढून घ्या, प्रवाह बंद करून दोन-तीन तास तसंच ठेवा, मग आंबटपणा जाईपर्यंत धुवा. त्यानंतर मिठाचं एक पूर्ण रिजनरेशन हवंच, कारण आम्लाने रेझिनमधलं सोडियम काढलेलं असतं. संडास धुण्याचं अॅसिड या कामाला कधीही वापरू नका. आणि कोणतंही अॅसिड ब्लीचिंग पावडरजवळ आणू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

रेझिन बदलायचंच ठरलं तर काम अवघड नाही, निगुतीचं आहे. बायपास उघडा, प्लग काढा, दाब सोडा. डोकं फिरवून काढा. टाकी आडवी करून पाण्याच्या नळीने जुनं रेझिन पोत्यात धुवून घ्या. दाणे फरशीवर पडले तर मोहरीसारखे पाय घसरवतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या जागी जाऊ देऊ नका. मधल्या पाइपाच्या तळाची जाळी पाहा. नळाला दाणे येत असतील तर ही फुटलेली असते, आणि फक्त तेवढीच बदलायची असते. टाकी उभी करून पाइप मधोमध धरा, त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावा, नाहीतर नवे दाणे त्यातूनच आत जातील. तळाशी थोडं पाणी, मग धुतलेले खडे, मग नरसाळ्याने रेझिन. पट्टी काढा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. पाणी एकदम जोरात सोडू नका, हवा हळूहळू बाहेर पडू द्या. निचऱ्याचं पाणी स्वच्छ होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बॅकवॉश, मग पूर्ण मिठाचं रिजनरेशन.

टाकीबाबत तडजोड नाही

फायबरच्या टाकीला तळाशी भेग, धाग्यांतून झिरपणारा घाम किंवा फुगवटा दिसला तर ती बदला. वरून एम-सील किंवा राळ लावून दाबाखाली चालवणं धोक्याचं आहे. या टाक्यांना साधारण ४९ अंशांपर्यंतच तापमान चालतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, मग स्लॅबवरच्या उन्हात काय होत असेल ते समजा. टाकी ओसरीत किंवा टिनाच्या सावलीत घ्या. बोअरच्या लाइनवर असेल तर पाणी उलट जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि आत हवा घेऊन ओढ मोडणारा व्हॅक्यूम ब्रेकर हवाच. मोटर थांबल्यावर पाणी खाली उतरताना टाकीला आतून ओढ बसते आणि आतलं अस्तर चिमटतं. आतून गंजलेल्या जुन्या लोखंडी टाकीवर पैसे घालू नका.

मग हिशोब

सगळ्या भागांची किंमत, रेझिन, मजुरी आणि नागपूर-अमरावती-अकोल्याहून येणाऱ्या मिस्त्रीचं जाण्यायेण्याचं भाडं एकत्र मांडा. हे भाडं गावात दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं असतं, म्हणून सील आणि रेझिन दोन्ही जुने असतील तर एकाच फेरीत बदलून घ्या. टाकी धड असेल आणि एकूण खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती करावी असं आमचं मत. टाकी फुटली, किंवा डोकं आणि रेझिन दोन्ही एकदम गेले, किंवा घर वाढल्यामुळे मशीनला दीड दिवसातच मीठ लागू लागलं, तर नवा घ्या.

नवा घेताना ‘किती लिटरचा’ हे विचारताना टाकीचे नाही, रेझिनचे लिटर विचारा आणि वरचा हिशोब दुकानातच मांडा. टायमरपेक्षा पाणी मोजून रिजनरेशन करणारं डोकं मीठ वाचवतं. चुंबकाचा किंवा वायर गुंडाळायचा ‘सॉफ्टनर’ घेऊ नका. थेंबांच्या किटवर त्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकच येतो. जुनी मिठाची टाकी चांगली असेल तर तीच चालू द्या.

स्वयंपाक आणि पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर किंवा आरओवर ठेवा. ५०० मिलिग्रॅम जडपणा काढला की लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं, आणि घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर ते चालत नाही. आरओ मात्र सॉफ्टनरच्या पुढे लावला तर त्याचा मेम्ब्रेन जास्त टिकतो.

निचऱ्याची नळी परसातल्या संत्र्याच्या किंवा निंबाच्या झाडाकडे कधीही सोडू नका. काळ्या जमिनीत सोडियम गेलं की माती आवळते, पाणी मुरत नाही, आणि मुळं गुदमरतात; संत्र्याला तर मीठ अजिबात सोसत नाही. शेत, विहीर आणि बोअर यांपासून दूर, गटाराच्या लाइनला ती जोडा. नळीचं तोंड गटारात बुडवू नका, तीन-चार बोटं वर ठेवा, म्हणजे घाण पाणी उलट मशीनमध्ये ओढलं जाणार नाही. फुलझाडांना आणि भाजीला पाणी घालायचा नळही सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या.